पारोळ्याचा कोट आणि घरोघरचे जाते

किल्ला म्हटला म्हणजे महाराष्ट्रीय मनापुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. खानदेशातील पारोळ्याचा किल्ला मात्र सपाट भूमीवरील भुईकोट होय. पाचोऱ्याच्या वायव्येस असलेले हे गाव पूर्वी अवघे ५० घरांचे खेडे होते. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी ते वाढवून त्यास तटबंदीच्या शहराचे रूप दिले आणि १७२७ साली हा कोट उभारला.

डोंगरी किल्ल्यास कडा राखतो. भुईकोटाची सारी भिस्त तट, खंदक आणि आतील दाणागोटा यांवर. परंतु कोठारात ज्वारी भरली म्हणजे पोट भरले असे नव्हे. ती दळावी लागते. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी हे काम घरोघरच्या दगडी जात्यावर, पहाटेच्या अंधारात, बायकांच्या हातून होत असे. दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करीत. किल्लेदाराचा अंमल आणि शिपायाची भाकरी, दोन्ही त्या जात्याच्या खुंट्याशीच बांधलेली होती.

पारोळे पुढे झाशीकर घराण्याकडे होते. १८५७ च्या उठावानंतर, १८५९ साली, इंग्रज सरकारने ते ताब्यात घेतले व किल्ल्याची मोडतोड केली. तट ढासळला, गाव मात्र उठले नाही. तट बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले, जाते ओढणारीचे कोठेच नोंदले गेले नाही. कोटाने गाव १३२ वर्षे राखले. जात्याने त्याच्या आधीही पोसले आणि नंतरही.