राजाबाईंचा टॉवर आणि आपला कापूस



दिवाळीत भाची लंडनहून आली होती. तिथल्या सेंट पॉल्स चर्चच्या ५२८ पायऱ्या चढून घुमटावरून काढलेले शहराचे फोटो तिने दाखवले. तिकडे नव्या गावी गेले की लोक आधी चर्चच्या मनोऱ्यावर चढतात म्हणे. "मावशी, आपल्याकडे असं काही नाही का गं?"

आपण पायऱ्या चढतो त्या मुक्तागिरीच्या. तिथून डोंगर आणि धबधबा दिसतो, शहर नाही. मानस्तंभ तर खालूनच पाहायचा. पण मुंबईचा राजाबाई टॉवर तिला सांगण्यासारखा होता. दिसतो चर्चच्या मनोऱ्यासारखा, पण नाव आहे एका जैन बाईचे.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती, अकोला, खामगावचा माल मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. त्या तेजीत मोठे झालेले व्यापारी म्हणजे सुरतेचे जैन शेठ प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, मनोऱ्याला आईचे नाव द्यायचे.

पुढच्याच वर्षी युद्ध संपले. कापूस कोसळला, शेअर कोसळले, शेठजीही बुडाले. आपल्याकडे ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले असेल, त्यांचे काय झाले असेल ते वऱ्हाडात सांगायला नको. दिलेले पैसे मात्र विद्यापीठाकडे होते. १८६९ ला पायाचा दगड बसला आणि १८७८ ला मनोरा पूर्ण झाला, २८० फूट. नकाशा काढणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमध्ये चर्च बांधण्यासाठी नावाजलेले. मुंबई त्यांनी कधी पाहिलीही नाही. म्हणून तो तसा दिसतो. त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे २४ पुतळे आहेत. चोवीस म्हटल्यावर आपल्या मनात जे येते तो केवळ योगायोग!

माझ्या सासूबाई सांगायच्या ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. राजाबाईंना दिसत नव्हते. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम, पण सूर्य कुठे आला ते कळणार कसे? मुलाने घड्याळाचा मनोराच बांधून दिला. ठोके ऐकायचे आणि पान वाढून घ्यायचे. शेठजींचा बंगला भायखळ्याला, टॉवरपासून चार-पाच किलोमीटर. तिथपर्यंत ठोके ऐकू जात असतील का, अशी मला शंका येते. पण तेव्हा मोटारींचा गोंगाट नव्हता. आणि चौविहार पाळणाऱ्या घरात वेळेची किती काळजी असते ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे गोष्ट खोटी म्हणवत नाही.

त्या काळी लोक वर चढून मुंबई पाहत. एप्रिल १८९१ मध्ये दोन पारशी मुली अशाच वर गेल्या: अर्देशीर गोदरेज यांची विशीतली पत्नी बचूबाई आणि तिच्याहून लहान फिरोजबाई. दोघी वरून पडून गेल्या. कोणीतरी अब्रूवर हात टाकला म्हणून त्यांनी उड्या मारल्या, असे लोक म्हणत. एका तरुणावर खटला चालला, तो सुटला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही. पुढेही तिथून जीव देण्याचे प्रकार झाले आणि वर जाणे लोकांना बंद झाले.

हे सांगितल्यावर भाची गप्प झाली. मग म्हणाली, "तिथे कुणी मला एकटीने चढू नको म्हणालं नाही." मी काय बोलणार! अमरावतीच्या परकोटावर चढायलासुद्धा आम्ही लहानपणी भाऊ बरोबर असला तरच जायचो.

ती परत जाताना विमान मुंबईहून होते, म्हणून मी अकोल्याहून तिच्यासोबत गेले. एक संध्याकाळ मोकळी होती. ओव्हल मैदानाच्या कडेला बसून आम्ही खालूनच टॉवर पाहिला. पावणेसहाचे ठोके पडले तशी ती म्हणाली, "मावशी, डबा काढ." थंडीचे दिवस, सूर्य जायला थोडाच वेळ होता. पोळी आणि तुरीच्या दाण्यांची उसळ होती. पाणी पिऊन झाले तेव्हा टॉवरच्या टोकावर अजून ऊन होते.