चिपाडाने पाण्यातील युरेनियम निघते का?

गुऱ्हाळातले चिपाड, भुईमुगाची टरफले, डाळिंबाची साल यांनी पाण्यातील किरणोत्सारी धातू शोषले जातात, असे वाचून पंढरपूर परिसरातील काही शेतकरी विचारतात, की बोअरच्या टाकीत चिपाड भरून चालेल का? शोषण होते हे खरे आहे. तरीही टाकीत चिपाड भरू नका.

चिपाडातील सेल्युलोज व लिग्निन आणि डाळिंबाच्या सालीतील टॅनिन यांच्यावरचे कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल गट युरेनियमचे धनभारित आयन धरून ठेवतात. याला जैवशोषण म्हणतात. सायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की कार्बोक्सिल गट वाढतात आणि पकडही वाढते. प्रयोगशाळेत चांगले आकडे येतात ते बहुधा आम्लधर्मी, साधारण 4 ते 6 सामूच्या पाण्यात.

आपल्या बोअरचे पाणी तसे नसते. सामू 7 च्या वर, त्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम भरपूर. अशा पाण्यात युरेनियम कार्बोनेटशी जोडले जाते, त्याचा धनभार जातो आणि चिपाडाला ते फारसे चिकटत नाही. शिवाय कच्चे चिपाड पाण्यात कुजते, पाण्याला रंग येतो, जंतू वाढतात.

मुळात आपल्याकडे युरेनियम आहे का, हे आधी पाहा. आपला खडक बेसाल्ट. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. पंजाबच्या माळवा पट्ट्यात मात्र हा प्रश्न मोठा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 30 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. धोका किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाला जास्त. नेहमीच्या सामू-क्षारता तपासणीत युरेनियम दिसत नाही, ते वेगळे सांगून तपासावे लागते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. आरओने बरेचसे निघते, पण ते टाकाऊ पाण्यात उतरते. माझ्या मते आपल्याकडे आधी नायट्रेट व क्षार तपासावेत. नायट्रेट ऋणभारित असल्याने तेही कच्च्या चिपाडाला धरत नाही.

कृषी सहायकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी. धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून चिपाडात जातो. असे वापरलेले चिपाड कंपोस्टात, आच्छादनात किंवा जनावरांपुढे टाकू नये. चुलीत तर नाहीच; जाळल्यावर तोच धातू मूठभर राखेत साठतो आणि राख आपण परसबागेत टाकतो.

स्वच्छ चिपाड मात्र उसात, डाळिंबात आच्छादनाला खुशाल वापरा.