प्लॅस्टिकचं मॅगझिन : एका स्वस्त पार्टची गोष्ट

मंडळी, शीर्षक वाचून वाचनालयाची आठवण काढू नका. हे मॅगझिन म्हणजे रायफलला खालून लावतात तो काडतुसांचा डबा. गेले काही वीकेंड मी याच विषयावर वाचतोय. मी पोटासाठी कोड लिहिणारा माणूस, माझा बंदुकांशी काय संबंध? संबंध एवढाच, की "अख्खी सिस्टीम सगळ्यात स्वस्त पार्टवर अडते" हा आपल्या धंद्यातला रोजचा अनुभव. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

आधी रचना बघू. एक पेटी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसं वर ढकलणारी एक पट्टी (तिला फॉलोअर म्हणतात), आणि पेटीच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा. काडतूस नेमक्या कोनात धरून ठेवायचं आणि एका वेळी एकच सोडायचं, हे काम या दोन कडांचं. त्या जराशा फाकल्या की दोन काडतुसं एकदम वर येतात. फॉलोअर जरासा कलला की काडतूस तिरकं घुसतं. दोन्ही वेळा रायफल अडकते. संपला खेळ!

आता इतिहास. अमेरिकेची एम-१६ रायफल १९६० च्या दशकात सैन्यात आली. तिचं २० काडतुसांचं मॅगझिन पातळ अ‍ॅल्युमिनियमचं होतं. मूळ कल्पना अशी होती की ते हलकं आणि स्वस्त असावं, वापरावं आणि टाकून द्यावं. (व्हिएतनाममध्ये ही रायफल फार अडकायची हे खरं. पण त्याची मुख्य कारणं वेगळी होती : बदललेली दारू, चेंबरला क्रोमचा मुलामा नसणं आणि सफाईच्या सामानाची वानवा.) पण सैन्य कुठलंही असो, टाकून द्यायची वस्तू कोणी टाकत नाही. तीच मॅगझिन्स पुन्हा भरली गेली, पडली, चेपली, परत भरली गेली. 'टेम्पररी' म्हणून लिहिलेला कोड दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो ना, अगदी तसंच.

त्यावर आणखी एक गंमत. काडतूस निमुळतं असल्यामुळे ३० काडतुसांची रांग आपोआप वक्र होते. पण रायफलमधली मॅगझिनची खाच २० वाल्या सरळ डब्यासाठी बनवलेली! मग ३० चं मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं करावं लागलं. सरळ भागातून वक्र भागात जाताना फॉलोअर कलायचा. ही जुन्या इंटरफेसची किंमत. हाच आकार प्रमाण मानावा असा नाटोचा प्रस्ताव १९८० मध्ये आला. तो कधी मंजूर झाला नाही, पण आकार मात्र जगभर पसरला. फॉलोअरची डागडुजी चालूच राहिली : आधी काळा, मग हिरवा, २००९ मध्ये मातकट रंगाचा. पॅच व्हर्जन १, २, ३!

रशियनांनी वेगळी वाट धरली. एके रायफलचं सुरुवातीचं पोलादी मॅगझिन रिकामंच ०.४३ किलोचं होतं. १९६२ च्या सुमारास त्यांनी काचेचे धागे घातलेल्या फिनॉलिक प्लॅस्टिकचं मॅगझिन काढलं, वजन ०.२४ किलो. लोक त्या लालसर-नारिंगी डब्याला सरसकट 'बॅकेलाइट' म्हणतात. महत्त्वाचं म्हणजे झीज जिथे होते तिथे त्यांनी आत पोलाद ठेवलं. नुसत्या प्लॅस्टिकवर भिस्त नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपली इन्सास रायफल पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या संस्थेत विकसित झाली. तिचं २० काडतुसांचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, किती काडतुसं उरली ते बाहेरून दिसावं म्हणून. कल्पना चांगलीच होती. पण १९९९ च्या कारगिल युद्धात, १६-१७ हजार फुटांवरच्या गारठ्यात, ही मॅगझिन्स तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. रायफल अडकण्याच्याही आल्या. समोरच्या कड्यावर शत्रू, श्वास घ्यायला हवा अपुरी, आणि हातातला डबा तडकलेला... नुसत्या विचारानेही कसंतरी होतं.

यावरून "प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परदेशातही तेव्हा प्लॅस्टिकच्या मॅगझिनांची अब्रू फारशी चांगली नव्हती. पण 'प्लॅस्टिक' हा एक पदार्थच नव्हे. कुठलं पॉलिमर, त्यात किती काच, किती तापमानाला ते ठिसूळ होतं, कोपऱ्यांना गोलाई दिली आहे का, यावर सगळं ठरतं. आपली पाण्याची बादली आणि मोटरसायकलचं हेल्मेट, दोन्ही प्लॅस्टिकच की!

हे गणित ज्यांना चांगलं जमलं ते लोक रायफल बनवणारे नव्हते. अमेरिकेत १९९४ पासून दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझिन्स नागरिकांना विकायला बंदी होती. सप्टेंबर २००४ मध्ये तो कायदा संपला आणि बाजार उघडला. मॅगपुल ही कंपनी १९९९ मध्ये एका माजी मरीन सैनिकाने सुरू केलेली. तिचं पहिलं उत्पादन म्हणजे मॅगझिन खिशातून ओढून काढायला तळाशी लावायचा एक रबरी पट्टा, बस्स! २००७ मध्ये त्यांनी स्वतःचं प्लॅस्टिकचं मॅगझिन आणलं : पीमॅग. आतला वक्र जमेल तितका सलग, फॉलोअर चारही बाजूंनी न कलणारा, उघडून साफ करायला सोपं. शिवाय वरून एक टोपण. भरलेल्या मॅगझिनची स्प्रिंग महिनोन्‌महिने त्या कडांना रेटत असते, आणि सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सरकतं. टोपण तो दाब आपल्यावर घेतं, धूळही अडवतं. म्हणजे आपल्या मटेरियलचा दोष ओळखून केलेलं डिझाइन!

सैनिकांनी ही मॅगझिन्स स्वतःच्या पैशांनी घेऊन इराक-अफगाणिस्तानात नेली. ओरिजिनल स्पेअरपेक्षा बाजारातला बरा, असं गॅरेजवाला कधीमधी सांगतो तसा प्रकार. वरिष्ठांना ते पचायला वेळ लागला. २०१२ मध्ये अमेरिकी भूदलात बाहेरच्या मॅगझिनांबद्दल आधी मनाईचा आणि मग मवाळ असा सूर निघाला. मरीन कोअरने त्याच वर्षी बंदी घातली. तिला कारण होतं : त्या वेळचं पीमॅग त्यांच्या नव्या एम-२७ रायफलमध्ये बसत नव्हतं. कंपनीने पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त केलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच मरीन कोअरने ही तिसरी आवृत्ती अधिकृत केली. भूदलाने मात्र जवळपास त्याच सुमारास स्वतःचं सुधारलेलं मॅगझिन आणलं, तेही अ‍ॅल्युमिनियमचंच. म्हणजे धातू हरला, प्लॅस्टिक जिंकलं, असा सरळ निकाल नाही.

मग शिकायचं काय? मला या सगळ्यात एकच गोष्ट मोलाची वाटते. अ‍ॅल्युमिनियमची कड थोडी वाकली तर ती तशीच वाकलेली राहते, आणि नुसत्या नजरेला कळत नाही. मॅगझिन धडधाकट दिसतं आणि ऐन वेळी दगा देतं. चांगलं पॉलिमर दबलं तर परत जागेवर येतं, आणि नाहीच आलं तर तडकतं. तडा दिसतो. दिसला की ते मॅगझिन फेकायचं, विषय संपला. आपल्या भाषेत पहिला सायलेंट फेल्युअर, दुसरा सरळ क्रॅश. क्रॅश परवडला, पण गुपचूप चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम नको, हे रात्री तीनला लॉग चाळलेल्या कुणालाही पटेल.

पण हा फायदा कधी? तडा शस्त्रागारातल्या किंवा मैदानातल्या चाचणीत गेला तर. तोच तडा पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर दिसला, तर त्या स्पष्टपणाचा जवानाला काय उपयोग? मॅगझिन झिजणारच, ते झिजण्यासाठीच असतं. प्रश्न एवढाच, की ते कुठे आणि कुणासमोर तुटेल हे आधी कोणी ठरवलं होतं का. कारगिलच्या जवानांसाठी ते कोणी ठरवलेलं नव्हतं, आणि ते कागदावर नाही, थेट कड्यावर ठरलं.

असो. पुढच्या आठवड्यात एखादा कमी स्फोटक विषय घेऊ :)