अजगराचा नकाशा आणि अजगराचा स्वभाव

 

आजचा विषय लढाईचा नाही, पण शत्रू ओळखण्याचा जरूर आहे. अजगराने माणूस गिळल्याची एक चित्रफीत दर पावसाळ्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरते. खाली कुणीतरी जवळच्याच एखाद्या गावाचे नाव टाकलेले असते. मग त्या गावच्या उसाच्या फडात खरोखरच अजगर निघतो आणि लोक काठ्या घेऊन धावतात. त्या अजगराचा गुन्हा काय? गुन्हा भलत्याच सापाचा, भलत्याच देशातला, आणि शिक्षा याला! सैन्यात याला चुकीच्या खबरीवर केलेला गोळीबार म्हणतात.

म्हणून आज दोनच प्रश्न घेऊ. मोठे अजगर कुठे राहतात, आणि त्यांचा स्वभाव कसा असतो?

आधी घरचे ज्ञान पाहू. ‘अजगर’ या संस्कृत शब्दाचा अर्थच बोकड गिळणारा. इतर भाषांनीही त्याचा आकारच पाहिला. कन्नडमध्ये तो हेब्बावु, म्हणजे मोठा साप. तमिळमध्ये मलैपांबु, म्हणजे डोंगरी साप. महाभारताच्या वनपर्वात शापाने अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो आणि भीमाचे बळ तिथे फुकट जाते. शेवटी युधिष्ठिर प्रश्नांची उत्तरे देऊन भावाला सोडवतो. म्हणजे अजगराच्या ताकदीची कल्पना आपल्या पूर्वजांना पुरेपूर होती.

पण त्यांनी त्याचा स्वभावही टिपला होता. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे. का? तर तो अन्नासाठी वणवण करत नाही, समोर येईल त्यावर राहतो. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी टीका लिहिली आणि 1573 मध्ये काशीत ती पूर्ण केली. त्यामुळे हा गुरू मराठी घराघरांत पोचला. यातला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला, तरी प्राणिशास्त्र चोख आहे. अजगर पाठलाग करणारा शिकारी नाही, तो दबा धरून बसणारा आहे. एकदा मोठे भक्ष्य मिळाले की अनेक आठवडे त्याला काही लागत नाही.

आता भीतीचा प्रवास पाहू. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगस्थनीसने हिंदुस्थानातले साप हरणे आणि बैल अख्खे गिळतात असे लिहिल्याचे रोमन लेखक प्लिनी सांगतो. हरणाचे पाडस ठीक, पण बैल? हाच प्लिनी आणखी एक गोष्ट देतो. इ.स.पू. 255 च्या सुमारास रोमन सेनापती रेग्युलस उत्तर आफ्रिकेत कार्थेजशी लढत होता. बाग्रादास नदीकाठी 120 फुटांचा साप आडवा आला आणि तट फोडण्याची दगडफेकी यंत्रे लावून तो मारावा लागला, असे तो म्हणतो. मित्रहो, जगातला कोणताही साप याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही पोचत नाही. पण छावणीत ऐकलेली गोष्ट घरी पोचेपर्यंत किती वाढते, हे गणवेश घातलेल्या कुणालाही सांगायला नको.

अजगराचा खरा नकाशा तयार झाला तो अठराव्या शतकापासून. लिनियसने 1758 मध्ये भारतीय अजगराला शास्त्रीय नाव दिले. 1801 मध्ये श्नायडरने जाळीदार अजगराचे आणि 1820 मध्ये कूलने ब्रह्मी अजगराचे वर्णन केले. ब्रह्मी अजगर ही भारतीय अजगराचीच पोटजात, असे पुढे बराच काळ धरले गेले. 2009 मध्ये तो पुन्हा स्वतंत्र ठरला. या मधल्या काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने मोठे काम केले. 1905 पासून त्यात भारतीय सापांवरची लेखमाला चालवणारा फ्रँक वॉल हा लष्करी डॉक्टर होता. आमच्याच बिरादरीतला म्हणायचा!

तर नकाशा असा. भारतीय अजगर सिंधपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि खाली श्रीलंकेपर्यंत आढळतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण इथे जो दिसतो तो हाच. बहुतेक तीन मीटरच्या आसपास, पाच मीटरचा क्वचित. ब्रह्मी अजगर ईशान्य भारतापासून म्यानमार, दक्षिण चीन, व्हिएतनाम ते जावापर्यंत आहे. तराईच्या पट्ट्यात या दोघांचे प्रदेश एकमेकांत शिरतात. तिसरा जाळीदार अजगर, जगातला सर्वांत लांब साप. सहा मीटरच्याही पुढे जातो. त्याचे राज्य म्हणजे थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स. आपल्याकडे त्याचे पक्के ठाणे निकोबार बेटांवर.

आता माणसाशी त्यांचे वागणे कसे? फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर अग्ता नावाचे शिकारी लोक राहतात. थॉमस हेडलँड हे मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात अनेक वर्षे राहिले. 1976 मध्ये त्यांनी घेतलेल्या मुलाखतींत 58 पुरुषांपैकी 15 जणांवर जाळीदार अजगराने कधी ना कधी हल्ला केल्याचे निघाले. 1934 ते 1973 या काळात सहा जण मेले. सर्पतज्ज्ञ हॅरी ग्रीन यांच्यासह त्यांनी हे 2011 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे माणूस हे जाळीदार अजगराचे भक्ष्य असू शकते, ही अफवा नव्हे. इंडोनेशियाच्या सुलावेसी भागात 2017 आणि 2018 मध्ये माणसे गिळली गेली, तेही खरे. पण सगळी परिस्थिती पाहा. अग्ता पुरुषाचे सरासरी वजन सुमारे 44 किलो, राहणे घनदाट जंगलात, आणि समोर जगातला सर्वांत लांब साप. शिवाय हे लोकही अजगर मारून खात. दोन्ही बाजूंनी शिकार चालली होती.

याच्या शेजारी भरतपूरचे केवलादेव उद्यान ठेवा. तिथले भारतीय अजगर साळिंदरांच्या बिळांत राहतात आणि थंडीत तोंडाशी ऊन खात पडलेले असतात. सुब्रमणियन भूपती यांनी तिथे त्यांचा बारकाईने अभ्यास केला. पर्यटक येतात, गुराखी जातात. माणूस जवळ आला की हा दांडगा प्राणी काय करतो? फूत्कारतो आणि बिळात सरकतो. डिवचला, पकडला तर चावतो. दात आत वळलेले असल्याने जखम वाईट होते, पण विष नाही. तराईत आणि ईशान्येत जवानांना मी एकच सांगत असे, मोरीत अजगर दिसला तर त्याला वाट द्या, तो तुमच्यापेक्षा आधी माघार घेईल.

मादीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. अजगर अंडी उबवतो असे बंगालमध्ये ऐकून आलेल्या लामार-पिको या प्रवाशाचे म्हणणे फ्रान्सच्या विद्वानांनी उडवून लावले होते. थंड रक्ताचा साप ऊब कुठून देणार? 1841 मध्ये पॅरिसमध्येच एका मादीने अंडी घातली, व्हॅलेन्सिएन यांनी तापमापक लावला आणि आपली खेडुतांची माहिती खरी निघाली.

नकाशा चुकला तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. हौसेने पाळलेले ब्रह्मी अजगर फ्लोरिडाच्या दलदलीत सुटले आणि तिथे वाढले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या रकून या प्राण्याचे दिसणे 99 टक्क्यांनी घटले होते. त्या सुटलेल्या अजगरांनी तिथे एकही माणूस मारलेला नाही, पण जंगल मुके केले. तोच प्राणी आपल्याकडे उंदीर, घुशी, रानडुकरांची पिल्ले खाऊन शेतकऱ्याला हातभार लावतो. दोष जातीत नाही, जागेत आहे.

2017 मध्ये फ्लोरिडाने मदतीला कुणाला बोलावले? तमिळनाडूच्या इरुळा जमातीच्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना. अमेरिकन शिकारी रस्त्यावरून गाड्या फिरवत साप शोधत. हे दोघे झुडपांत शिरले आणि विष्ठा, कात, सरपटल्याची खूण वाचत गेले. पहिल्या आठ दिवसांत 13 अजगर! की लार्गो इथल्या जुन्या क्षेपणास्त्र तळावर 16 फुटी मादी सापडली. 2023 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. जमीन वाचणाऱ्यापुढे यंत्रे कमी पडतात, हे पायदळाला माहीत असते.

आता कामाचे बोलू. अजगर आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, पकडून ठेवणे किंवा गळ्यात घालून फोटो काढणे हा गुन्हा आहे. शेतात दिसला तर कुत्री आणि लहान मुले लांब ठेवा, वनविभागाला कळवा आणि नजर ठेवून थांबा. कोंबड्या-शेळ्यांचे खुराडे, गोठे पक्के करा, कारण तिथे तो येऊ शकतो, हे नाकारायचे कारण नाही.

आणि एक धोका मात्र खरा आहे. घोणस आणि अजगराचे पिल्लू यांत लोकांची गल्लत होते. ‘अजगराचे पिल्लू आहे, काही करत नाही’ म्हणत माणूस हात घालतो आणि ती घोणस निघते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, नकाशातल्या बेटांसारखे असतात. तरीही शंका असेल तर हात लावू नका. शंका नसेल तरीही लावू नका. चावा झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी ती चित्रफीत फोनवर आली, तर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा, हा साप कोणता आणि हे गाव कुठले? उत्तर मिळाले नाही तर ती तिथेच थांबवा. एखाद्या फडातला अजगर त्याने वाचेल.

जय हिंद.