कंट्रोल-एस : एक कळ, दोन मालक

सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी 1990च्या दशकात टंकलेखनाच्या वर्गांत संगणक येऊ लागले. तेथे अनेकांनी पहिला गिरवला तो 'वर्डस्टार'. अमेरिकेतील मायक्रोप्रो कंपनीचा हा लेखन-प्रोग्रॅम 1978 सालचा. त्या काळी पुष्कळशा कळफलकांवर बाणांच्या कळा नसत. म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस म्हणजे डावीकडे, डी म्हणजे उजवीकडे, अशी सोय केलेली होती. कळफलक पाहा: या चार कळांचा चौकोन दिसेल.

पण कंट्रोल-एसला आधीच एक मालक होता. 1963च्या आस्की संकेतात कंट्रोल आणि अक्षर मिळून त्या अक्षराचा क्रमांक जातो. क्यू सतरावे, एस एकोणिसावे. टेलिटाइप यंत्रात 17 म्हणजे कागदी फीत वाचणे सुरू कर आणि 19 म्हणजे थांबव. पुढे संगणकांच्या जोडणीतही हेच आकडे 'पाठव' आणि 'थांब' म्हणून रूढ झाले.

संगणक एकटा असे तोवर भांडण नव्हते. पण समजा, संगणक सांगलीला आहे आणि टेलिफोनच्या तारेने जोडलेला पडदा व कळफलक साताऱ्याला. टंकलेखक डावीकडे सरकण्यासाठी कंट्रोल-एस दाबतो. जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम तो 19 मधल्यामध्ये उचलतो, वर्डस्टारपर्यंत पोचूच देत नाही, आणि पडदा गोठतो! टंकलेखक गोंधळून आणखी कळा दाबतो. पडद्यावर काही दिसत नाही, पण कळा तिकडे पोचतच असतात. त्यांत ओळ पुसणारी कंट्रोल-वाय असली, तर मजकुरावर आंधळेपणाने बोळा फिरतो.

उपाय काय? प्रथम हात आवरावा. मग कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. पडदा हलला, तर यंत्र बिघडलेले नाही, कळीच्या अर्थाचा घोटाळा आहे. कायमचा इलाज म्हणजे 'थांब' हा निरोप अक्षरांच्या वाटेने न पाठवता केबलमधील वेगळ्या तारेने पाठवणे.

हे भांडण अजून मिटलेले नाही. आज बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एस म्हणजे 'साठव'. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मात्र तीच कळ अजूनही पडदा थांबवते. आणि 1986च्या इन्स्क्रिप्ट मराठी कळफलकावर एसच्या जागी एकाराची मात्रा उमटते.

विद्यार्थ्यांना बोटांवर एपासून एसपर्यंत मोजायला सांगा. एकोणीस आले, की विचारा: या आकड्याचा अर्थ कोण ठरवतो? कळ नव्हे, तो आधी हाती घेणारा प्रोग्रॅम.