वसईच्या घंटा

१७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी घेतला, दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली, एवढं शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. चर्चच्या घंटांचं काय झालं, ते पुस्तकात नसतं. विजयाची खूण म्हणून त्या घाटावर नेल्या आणि देवळांत टांगल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात.

मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर ती आहे. पण वसई पडली तेव्हा नाना जन्मलेच नव्हते, त्यांचा जन्म १७४२ चा. म्हणजे मधली वर्षं ती दुसरीकडेच कुठं राहिली असणार. नाशिकचंही देऊळ १७४७ चं, वसईनंतरचं.

घंटेचा धातू म्हणजे तांबं आणि कथील. तोफाही त्याच्याच ओतायचे, कथील जरा कमी घालून. लढाईच्या दिवसांत घंटा म्हणजे आयता तोफेचा माल. युरोपात असं कितीदा झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हजारो घंटा उतरवून वितळवल्या. मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या की! तरी या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. मरियामातेची मूर्तीही कोणी घासून काढली नाही.

बदललं ते वाजवणं. चर्चच्या मनोऱ्यात खालून दोर ओढला की अख्खी घंटा झुलते. देवळात घंटा जागची हलत नाही, लोलक हातानं आपटायचा. चर्चमध्ये एकजण सगळ्या गावासाठी वाजवतो. दुपारची घंटा झाली की वाडीत पाणी लावणारा माणूसही थांबतो, आणि सावकाश टोल पडू लागले की कोण गेलं म्हणून बायका ओट्यावर येतात. देवळात जो तो आपापली वाजवतो, देवा, मी आलोय.

आमच्यातले काही तरुण म्हणतात, त्या परत आणायला हव्यात. मला नाही तसं वाटत. आणून टांगणार कुठं? किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना छप्पर उरलेलं नाही, भिंतींतून पिंपळ फुटलेत. आणि तिकडच्या लोकांनी पावणेतीनशे वर्षांत त्यांना आपलं करून घेतलंय. नाशिकला गोदावरी चढली की माणसं अजून विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का?