सरमेचा जाब

महाभारताच्या आदिपर्वात, कौरव-पांडवांची कथा रंगू लागण्याच्या कितीतरी आधी, एक कुत्री येऊन जाते. तिचे नाव सरमा. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचे दीर्घसत्र चालू असताना तिचे पिल्लू तेथे घुटमळत आले आणि राजाच्या भावांनी त्याला चोप दिला. पिल्लू रडत आईकडे गेले. आईला आधी वाटले, पोराने काहीतरी आगळीक केली असणार. परंतु त्याने हविर्द्रव्याकडे नुसते पाहिलेसुद्धा नव्हते. तोंड लावणे तर दूरच. तेव्हा सरमा थेट यज्ञस्थळी गेली आणि माझ्या मुलाला कशासाठी मारलेत, असा तिने जाब विचारला. कोणापाशीच उत्तर नव्हते. निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल, असा शाप देऊन ती निघून गेली.

माणसाने कुत्र्याला वळण कसकसे लावले, याचा इतिहास मी मध्यंतरी वाचीत होतो, तेव्हा ही सरमा मला पानोपानी आठवली.

आपल्याकडे या विषयाचा निकाल फार पूर्वीच लागलेला आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच! पण धनगराचा कुत्रा रात्ररात्र मेंढरे राखतो, ती विद्या त्याला कोणी नळीत घालून शिकवलेली नसते. तेव्हा कुत्रा शिकतो, हे उघड आहे. प्रश्न एवढाच की, तो कशाने शिकतो?

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कोनराड मोस्ट यांनी याचे शास्त्र मांडले. ते पोलिसांची कुत्री तयार करीत. १९१० साली त्यांचे पुस्तक निघाले. गृहस्थ मोठे चाणाक्ष. चूक घडली त्याच क्षणी ती कळली पाहिजे आणि चांगल्या कृतीला शाबासकी मिळाली पाहिजे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पण त्यांच्या विचाराचा पाया लष्करी होता. कळपात एकच वरचढ असतो, ते वरचढपण झटापटीने ठरते, म्हणून माणसाने कुत्र्याला एकदा नमवलेच पाहिजे, असे ते मानीत. मग काटेरी पट्टा आला, गळ्याला हिसका आला, छडीही आली. अमेरिकेत विल्यम कोहलर यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्याची कुत्री शिकवली आणि १९६२ साली घरगुती कुत्र्यांसाठी पुस्तक लिहिले. बागेत खड्डे खणणाऱ्या कुत्र्यावर त्यांचा उपाय ऐका: तोच खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवावे!

या समजुतीला लांडग्यांची साक्षही मिळाली. रूडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडगे पाहून १९४७ साली निबंध लिहिला. त्यातील लांडगे वरच्या जागेसाठी सतत झगडत. पण ते होते कोण? एकमेकांशी नातेगोते नसलेले, लहानशा आवारात कोंडलेले जीव. अनोळखी माणसांना एका खोलीत वर्षानुवर्षे डांबून, त्यावरून मराठी कुटुंबाचे वर्णन लिहिण्यासारखाच हा प्रकार झाला. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांनी १९७० साली लांडग्यांवर ग्रंथ लिहिला आणि ही कल्पना जगभर पोहोचवली. पुढे त्यांनी एल्समिअर बेटावर रानातले लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे जवळून पाहिले. तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरे! १९९९ साली त्यांनी स्वतःच ती जुनी कल्पना खोडून काढली. ग्रंथ छापणे थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. तो थांबला २०२२ साली. तोवर किती कुत्र्यांना ‘नमवण्यासाठी’ उताणे पाडून दाबून धरले गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

खेदाची गोष्ट ही की, दुसरी वाट तेव्हाही दिसत होती. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना आणि कुत्र्यांना पेटाऱ्यात ठेवून दाखवले होते की, ज्या कृतीतून सुख मिळते ती प्राणी पुन्हा करतो. बी. एफ. स्किनर यांनी हे सूत्र पुढे नेले. त्यांचे शिष्य केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४७ साली प्राणी शिकवण्याचा व्यवसायच काढला. कोंबड्यांनासुद्धा त्यांनी नाना करामती शिकवल्या! हवाईत कॅरन प्रायर यांनी डॉल्फिनना शिट्टी आणि मासळी यांच्या बळावर शिकवले. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा कुठला बांधणार आणि छडी कशी मारणार? त्यांचे १९८४ सालचे पुस्तक वाचून कुत्री पाळणाऱ्या पुष्कळांनी हातचा पट्टा सैल सोडला.

आता आपल्या घरातला कुत्रा घ्या. पोस्टमन आला की तो भुंकतो, आणि पोस्टमन जातो. तो आपल्या कामाने जातो, पण कुत्र्याच्या हिशेबी ते भुंकण्याचेच यश! हाक मारल्यावर आलेल्या कुत्र्याला आधीच्या खोडीबद्दल रागावलात, तर तो एकच धडा शिकतो: हाकेला जाऊ नये. घरात घाण केली म्हणून त्यात नाक घासलेत, तर पुढच्या खेपेस तो कपाटामागे जाऊन करील. त्यापेक्षा जेवणानंतर लगेच बाहेर न्यावे आणि काम उरकताच तिथेच खाऊ द्यावा. अंगावर उड्या मारणाऱ्याला ढकलू नये, त्याला तो खेळ वाटतो. पाठ फिरवावी आणि चारी पाय जमिनीवर टेकले की मग कुरवाळावे.

गुरगुरण्याबद्दल मात्र कधीही मारू नये. गुरगुरणे म्हणजे त्याने दिलेली सूचना होय. मारून सूचना बंद होते, भीती आत तशीच राहते, आणि मग एके दिवशी तो न गुरगुरताच चावतो, बहुधा घरातल्या लहान मुलालाच. सरमेचे ‘न दिसणारे भय’ ते हेच असावे, असे मला वाटते.

आपल्या शाळांतूनही छडीवर असाच विश्वास होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यास बंदी घातली. छडीवाचूनही मुले शिकतात, तर कुत्र्याने काय पाप केले आहे?

नेपाळात याच दिवाळीच्या दिवसांत ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्यांना टिळा लावून माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. आपण एवढे नाही केले तरी चालेल. पण फटाक्यांच्या आवाजाने आपला कुत्रा पलंगाखाली शिरला, तर तो हट्ट नव्हे, भेदरलेपण आहे. त्याला ओढून बाहेर काढू नका. खिडक्या लावून घ्या, एक जुने पांघरूण आत सरकवा आणि घरातले कोणीतरी जवळ बसा. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.